दूरचे सहाध्यायी

नाशिकरोड स्थानकावरून मुंबईकडे निघालेली आगगाडी पुढे ज्या स्थानकावर येते, ते देवळाली. कोरडी व आरोग्यदायक हवा, लष्कराची छावणी आणि जुनी आरोग्यधामे यांमुळे हे गाव प्रसिद्ध आहे. परंतु जगातील गणितप्रेमी लोक देवळालीचे नाव घेतात ते निराळ्याच कारणासाठी. या गावी दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर राहत असत.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ठाण्यास शालेय शिक्षण आटोपून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे पदवीधर झाले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी शिक्षकाचे काम केले. याहून मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती. दिवसभर मुलांना गणित शिकवावे आणि उरलेल्या वेळात संख्यांशी खेळत बसावे, असा त्यांचा क्रम होता. या खेळातून त्यांना जे सापडले, ते तुम्हांलाही पाटीवर करून पाहता येईल.

चार अंकी कोणतीही एक संख्या घ्या. तिचे चारही अंक एकच असू नयेत, एवढीच अट. समजा, आपण ३५२४ ही संख्या घेतली. तिचे अंक प्रथम उतरत्या क्रमाने लिहा : ५४३२. मग चढत्या क्रमाने लिहा : २३४५. मोठीतून लहान वजा केली की उरतात ३०८७. आता ३०८७ वर हाच प्रयोग करा : ८७३० वजा ०३७८, बाकी ८३५२. पुन्हा एकदा : ८५३२ वजा २३५८, बाकी ६१७४. आणखी पुढे जाऊ म्हटले, तर ७६४१ मधून १४६७ वजा जाऊन पुन्हा ६१७४ च उरतात! आपण जणू एका अशा वाड्यात शिरलो की जेथून बाहेर पडण्यास दारच नाही. कोणत्याही संख्येपासून आरंभ करा, फार तर सात पावलांत तुम्ही या वाड्यात येऊन पोचता. ६१७४ या संख्येला आज सारे जग ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणते.

शोध लागला खरा. पण तो सांगावा कोणाला? देवळालीत विद्यापीठ नव्हते. गणितात रमणारे शेजारी तरी किती असणार? कित्येक विद्वानांना ही नुसती अंकांची करमणूक वाटे, आणि ते हसून सोडून देत. कापरेकरांनी मग दूरची माणसे जोडण्याचा मार्ग धरला. गणितपरिषदा भरत, तेथे जाऊन ते आपले निबंध वाचीत. ६१७४ ची हकीकत त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणितपरिषदेत सांगितली. पुढे १९५५ मध्ये ती न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात छापून आली. याशिवाय स्वतःच्या खर्चाने लहान लहान पुस्तिका छापाव्यात, त्यांवर देवळाली कँपचा आपला पत्ता घालावा आणि त्या गणितप्रेमी लोकांच्या हाती पडतील असे पाहावे, हाही त्यांचा उद्योग असे. शिक्षकाच्या पगारातून हा खर्च करणे सोपे नव्हते. पण ज्याला शिकायचे आहे त्याला विचारणारे, सांगणारे आणि चूक दाखवणारे कोणीतरी लागतेच.

मुलांनो, त्या काळी ही माणसे टपालाने जोडावी लागत. आज हेच काम करण्यासाठी आपल्यापाशी फोन आहे, व्हॉट्सॲपचे समूह आहेत, यूट्यूब आहे. ही साधने पूर्वी असती तर काय झाले असते, हे समजण्यासाठी आणखी दोन हकीकती ऐका.

कापरेकरांनी संख्यांचा एक चमत्कारिक कुलवृत्तांत मांडला होता. एखादी संख्या घ्यावी व तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. उदाहरणार्थ, १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१ होतात. म्हणून १५ ही २१ ची जननी. पण काही संख्या अशा आहेत की त्यांना जननीच सापडत नाही. २० ही त्यांपैकी एक. १४ पासून १९ निघतात, १५ पासून २१ निघतात. २० कोठूनच निघत नाहीत. अशा संख्यांना आपण स्वयंभू म्हणू या. कापरेकरांच्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव पडले आहे. या संख्यांविषयीची त्यांची पुस्तिका १९६३ साली देवळालीहून निघाली. परंतु ती पोचली थोड्याच जणांपर्यंत. पुढे दूर दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बेर्नार्दो रेकामान यांनी ह्याच संख्यांविषयीचा प्रश्न एका अमेरिकन गणितमासिकात मांडला. त्यामुळे या संख्यांना कोलंबियन संख्या हेही नाव मिळाले, आणि ती दोन्ही नावे आजतागायत चालू आहेत.

असाच प्रकार दुसऱ्या एका कल्पनेच्या बाबतीत झाला. जी संख्या आपल्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भागली जाते, तिला कापरेकरांनी ‘हर्षद’ असे गोड नाव ठेवले होते. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या : १ आणि ८ मिळून ९, आणि ९ ने १८ ला भाग जातो. १९७७ साली आयव्हन निव्हेन या गणितज्ञाने एका परिषदेतील भाषणात अशाच संख्यांचा उल्लेख केला, तेव्हा अनेक लोक त्यांना निव्हेन संख्या म्हणू लागले. यात लबाडी कोणाचीच नव्हती. देवळालीचे बोलणे त्या सभागृहापर्यंत ऐकू गेले नव्हते, एवढेच.

मग देवळालीचे नाव जगभर झाले कसे? मार्टिन गार्डनर नावाचे एक अमेरिकन लेखक ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात गणिताच्या गमतींवर दरमहा लिहीत असत. १९७५ च्या मार्च महिन्यात त्यांनी कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांवर लिहिले, आणि देशोदेशीच्या वाचकांनी वह्या उघडून ते प्रयोग करून पाहिले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते व नोकरीतून निवृत्त होऊन तेरा वर्षे लोटली होती. १९८६ साली देवळालीसच त्यांचे निधन झाले.

पुस्तिका आणि मासिके यांच्या मार्गाने जे घडावयास पंचवीस वर्षे लागली, ते आज एका दुपारीही घडू शकेल. नील स्लोन या गणितज्ञाने १९६४ साली, विद्यार्थी असताना, संख्यांच्या मालिका टिपून ठेवण्यास प्रारंभ केला. १९९६ पासून तो संग्रह इंटरनेटवर सर्वांना मोफत खुला आहे. जगातील कोणीही त्यात नवी मालिका सुचवावी. मात्र जाणकार संपादक ती तपासून पाहतात आणि मगच तिला स्थान देतात. कापरेकर संख्या तेथे ‘ए ००६८८६’ या क्रमांकाखाली, तर स्वयंभू संख्या ‘ए ००३०५२’ या क्रमांकाखाली आढळतील. येथे मासिकाच्या पुढच्या अंकाची वाट पाहावी लागत नाही. तपासणी मात्र सुटलेली नाही, आणि हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आता तुमच्या-आमच्या समूहांकडे वळू. एखाद्या वर्गाचा व्हॉट्सॲपवर समूह आहे, असे समजा. बाई किंवा सर त्यात आहेत, आणि तो एखाद्या मुलाच्या आईच्या फोनवर दिसतो. वर्गात ६१७४ ची गंमत सांगून झाली आहे. सायंकाळी एक मुलगी घरी बसून २१११ ही संख्या घेते. २१११ वजा १११२, बाकी ९९९. आता ९९९ उलटसुलट कसेही लिहिले तरी ९९९ च, वजाबाकी शून्य! नियम खोटा ठरला की काय?

अशा वेळी ती दोन प्रकारे लिहू शकते. “मला हे येत नाही, कोणीतरी उत्तर पाठवा,” हा एक प्रकार. त्यावर कोणीतरी उत्तर पाठवीलही. पण तिची शंका जागच्या जागीच राहील. दुसरा प्रकार असा : “मी २१११ ही संख्या घेतली. पहिल्या वजाबाकीत ९९९ आले. पुढे शून्य येते. माझे कोठे चुकले?” सोबत तिने वहीच्या पानाचे छायाचित्र जोडले. आता समूहातील एखादा मुलगा लगेच ओळखतो की आपण चार अंकांचा खेळ खेळत आहोत, म्हणून ९९९ हे ०९९९ असे लिहिले पाहिजे. मग ९९९० वजा ०९९९, बाकी ८९९१. पुढे ८०८२, त्यापुढे ८५३२, आणि शेवटी ६१७४! त्या मुलीला उत्तर मिळाले, त्या मुलाला शून्याचे महत्त्व नव्याने कळले, आणि समूहातील इतर तीसजण न विचारताच शहाणे झाले. ज्या समूहात असे प्रश्न येतात, तो समूह म्हणजे एक लहानशी गणितपरिषदच होय.

याउलट काही समूहांत रोज रात्री कोणीतरी गृहपाठाची तयार उत्तरे टाकतो आणि बाकीचे ती उतरवून घेतात. हे समूहही मोठ्या उत्साहाने चाललेले असतात. पण त्यांत कोणी कोणाला काही विचारीत नाही, हे तुम्ही पाहिले असेल.

आपल्या शिकण्याचे वर्तुळ कोणाकोणाचे मिळून व्हावे, हे ज्याने त्याने ठरवायचे असते. पक्ष्यांची आवड असणाऱ्या मुलाला निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीत काढलेली छायाचित्रे पाठवणारा मामा हवा. द्राक्षांच्या बागेवर पडणाऱ्या रोगांची माहिती हवी असेल, तर शेतीशाळेत शिकणारी ताई हवी. मराठी विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश २००३ पासून चालू आहे. त्यातील लेख वाचता येतात, आणि चूक आढळली तर मोठ्यांच्या मदतीने सुधारताही येतात. आपल्या पाठ्यपुस्तकांवर छापलेली चौकटीची खूण फोनने टिपली, की दीक्षा या शासकीय संकेतस्थळावरील पाठ उघडतात. वर्तुळात एखादा आपल्याशी मतभेद असणाराही असावा. सगळेच ‘वाहवा’ म्हणणारे जमले, तर चूक दाखवणार कोण?

चुकीवरून आठवले. समाजमाध्यमांवर एक संदेश वर्षानुवर्षे फिरत असतो. “या महिन्यात पाच शुक्रवार, पाच शनिवार आणि पाच रविवार आले आहेत. असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो. हा संदेश पुढे पाठवा, म्हणजे भाग्य उजळेल.” पुष्कळ शिकलेली माणसेही हा संदेश पुढे पाठवतात! तुम्ही मात्र भिंतीवरची दिनदर्शिका खाली काढा. ३१ दिवसांच्या महिन्यात चार आठवडे होऊन वर तीन दिवस उरतात. म्हणजे अशा प्रत्येक महिन्यात लागोपाठचे कोणते तरी तीन वार पाच पाच वेळा येणारच. महिना शुक्रवारी सुरू झाला, की ते वार शुक्रवार, शनिवार आणि रविवार. मे २०२६ शुक्रवारी सुरू होतो, जानेवारी २०२७ शुक्रवारी सुरू होतो, आणि ऑक्टोबर २०२७ ही शुक्रवारीच. ८२३ वर्षे कोठे आणि आठ-नऊ महिने कोठे!

ज्यांना याहून पक्का पुरावा पाहिजे, त्यांनी पुढील हिशेब करावा. इंग्रजी दिनदर्शिकेत ४०० वर्षांचे १,४६,०९७ दिवस होतात. त्यांना ७ ने भागले असता बरोबर २०,८७१ आठवडे येतात, बाकी शून्य. म्हणून दर ४०० वर्षांनी वार आणि तारखा यांची संपूर्ण घडी जशीच्या तशी पुन्हा बसते. एकदा आलेला कोणताही योग ४०० वर्षांच्या आत-बाहेर पुन्हा आल्यावाचून राहतच नाही. मग त्याला ८२३ वर्षे थांबावे लागेलच कसे? अशा संदेशाला उत्तर देताना पाठवणाऱ्याची थट्टा करू नये. काका असोत वा आजोबा, त्यांना नम्रपणे हा भागाकार लिहून पाठवावा. कापरेकरांच्या विधानाची आणि या संदेशाची तुलना करून पाहा : दोन्ही आश्चर्यकारक आहेत, दोन्ही दूरच्या अनोळखी माणसाकडून येतात. परंतु पहिले विधान म्हणते, ‘करून पाहा’. दुसरे म्हणते, ‘पुढे पाठवा’.

काही गोष्टी मात्र थोडक्यात पण स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम, फेसबुक यांच्या नियमांप्रमाणे तेरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून स्वतःचे खाते उघडता येत नाही. लोकांच्या खाजगी माहितीच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ साली कायदा केला असून त्यात अठरा वर्षांखालील सर्वांसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. म्हणून तुमच्यापैकी बहुतेकांनी हे वर्तुळ आईवडिलांच्या किंवा शिक्षकांच्या फोनवरून, त्यांच्या डोळ्यांसमोरच जोडावे. कापरेकर आपल्या पुस्तिकेवर पत्ता छापत; तुम्ही घरचा पत्ता, शाळेचे नाव वा छायाचित्र अनोळखी माणसास देऊ नये. शिकवण्याच्या निमित्ताने कोणी एकांतात बोलू म्हणाले, गुपित ठेव म्हणाले, तर त्याच क्षणी घरी सांगावे. घरी सांगण्याचा संकोच वाटला, तर १०९८ या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मुलांच्या हातची नाही. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि धडे फोनवरून येऊ लागले. तेव्हा कित्येक घरांत एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. सुरगाणा, पेठ यांसारख्या डोंगराळ तालुक्यांत तर फोन असूनही त्याला संदेश पकडता येईना. ज्याच्यापाशी फोन नाही, त्याला या गणितपरिषदेत जागाच नाही, हे बरे नव्हे. समूहात आलेली एखादी चांगली गोष्ट कागदावर उतरवून शेजारच्या मुलाला दिली, तर ती त्याच्यापर्यंतही पोचते.

माणसे जोडण्याची जुनी साधने मोडीत निघालेली नाहीत. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले; ते आजही उघडे आहे. घरी राहून शिकणाऱ्यांसाठी स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नाशिकलाच आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. पंचवीस पुस्तकांची एक पेटी एका वाचकगटाकडे काही महिने राहते; मग गट आपापसांत पेट्या बदलून घेतात. या पेट्या नाशिकहून निघून दुबईपर्यंत पोचल्या आहेत. पेटी येणार हा निरोप आता फोनवरून येतो आणि पुस्तक हातात येते, ही जोडी मला फार आवडते.

ज्यांना या वर्तुळात आजच पाऊल टाकायचे असेल, त्यांच्यासाठी कापरेकरांचेच एक कोडे देतो. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन भाग करा, २० आणि २५. त्यांची बेरीज पुन्हा ४५! ५५ चा वर्ग ३०२५. ३० आणि २५ मिळून ५५. या झाल्या कापरेकर संख्या. तीन अंकी संख्यांतही अशा संख्या आहेत. त्यांतील एक २९७. तिचा वर्ग ८८२०९, म्हणजे ८८ आणि २०९. दुसरी शोधून काढा, आणि सापडली की कोणाला तरी तुमचा हिशेब मांडून पाठवा.

शब्दार्थ

सहाध्यायी – बरोबर शिकणारा. स्थिरांक – न बदलणारी संख्या. नियतकालिक – ठरावीक काळाने निघणारे मासिक, साप्ताहिक इत्यादी. जननी – आई. स्वयंभू – आपोआप उत्पन्न झालेला. आजतागायत – आजपर्यंत.

स्वाध्याय

१. कापरेकरांनी दूरच्या गणितप्रेमी लोकांशी संबंध कोणकोणत्या मार्गांनी जोडला?

२. देवळाली संख्यांना दुसरे नाव का पडले? हर्षद संख्यांच्या बाबतीत काय घडले?

३. ‘२१११’ च्या उदाहरणात मुलीने विचारलेला दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला का? आपल्या शब्दांत लिहा.

४. कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ ही संख्या घेऊन ६१७४ पर्यंत जा. किती पावले लागली?

५. तीन अंकी संख्या घेऊन हाच खेळ खेळा. ३२१ पासून आरंभ करा. तुम्ही कोणत्या संख्येवर अडकता? तुमच्या मित्राने दुसरी संख्या घेतली, तर तो कोठे अडकतो?

६. घरी आलेला एखादा आश्चर्यकारक संदेश निवडा. तो खरा की खोटा हे तुम्ही कसे तपासले, ते आठ-दहा ओळींत लिहा.